हिवरे बाजार, पोपटराव पवार आणि पाण्याचा ताळेबंद

माळरान:

नमस्कार मंडळी.

गेल्या निवडणुकीत मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीवर सदस्य म्हणून पहिल्यांदाच निवडून आलो, आणि काम समजून घ्यावे म्हणून यंदा चैत्रात हिवरे बाजारला जाऊन आलो. त्या गावाविषयी आणि तेथे अनेक वर्षे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. टेकड्यांवरची झाडी, स्वच्छ रस्ते आणि लक्षाधीश झालेले शेतकरी यांची वर्णने येथील बहुतेकांनी वाचली असतील. त्या वर्णनांत एक गोष्ट नेहमी ओझरती येते, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. ती म्हणजे गावाने दरवर्षी ग्रामसभेत बसून मांडलेला पाण्याचा हिशोब, आणि तो हिशोब पाळायला लोकांना तयार करण्यात एका माणसाने घातलेली तीस वर्षे. हा धागा त्यासाठी आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिवरे बाजार हे नगर तालुक्यातले, नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवरचे पर्जन्यछायेतले गाव. क्षेत्र ९७६ हेक्टरांच्या आसपास, लोकसंख्या तेराशेच्या घरात आणि पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२च्या दुष्काळानंतर हे गाव सावरलेच नाही. विहिरी आटल्या, टेकड्या उघड्या पडल्या, धडधाकट माणसे मजुरीसाठी बाहेर गेली आणि मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणे वाढली. या गावी बदली होणे ही सरकारी नोकरांना शिक्षा वाटत असे. १९८९ साली गावातल्या तरुणांनी पोपटरावांना सरपंचपदासाठी गळ घातली. एम. कॉम. झालेला तो गावातला एकमेव मुलगा होता, क्रिकेट उत्तम खेळत होता आणि त्याने शहरात नोकरी धरावी किंवा खेळात नाव काढावे अशी घरच्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. ते बिनविरोध सरपंच झाले.

त्यानंतरचा क्रम मला शिकण्यासारखा वाटतो. सुरुवातीचे काम त्यांनी शाळेचे घेतले. पाण्याच्या कामाचे फळ दिसायला वर्षे जातात, शाळेची खोली मात्र उभी राहिली की दुसऱ्या दिवशी त्यात मुले बसतात, आणि ज्या गावाचा कोणावरच विश्वास उरलेला नाही त्या गावाला आधी असे काहीतरी डोळ्यांनी दिसावे लागते. मग दारूची दुकाने बंद झाली. त्यांची संख्या २२ सांगितली जाते, आणि एवढ्याशा गावासाठी ती किती भयंकर आहे याचा विचार आपण करावा. १९९३ साली सामाजिक वनीकरण विभागाच्या मदतीने ७० हेक्टर उजाड वनक्षेत्र पुन्हा हिरवे करण्याचे काम निघाले, आणि लोकांनी श्रमदानाने टेकड्यांच्या उतारांवर पाणी मुरवण्यासाठी सुमारे ४०,००० समतल चर खणले. १९९४-९५पासून आदर्श गाव योजनेत गावाने स्वतःचा पंचवार्षिक आराखडा केला, आणि गावातल्या लोकांनीच स्थापलेल्या यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्थेमार्फत तो राबवला. नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री त्याचा पाया होती. पुढे तिला लोटाबंदी, म्हणजे उघड्यावर शौचाला बंदी, आणि बोअरवेलबंदी यांची जोड मिळाली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००४च्या सुमारापासून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या साह्याने गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पर्जन्यमापकांवरून पाऊस आणि ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींवरून भूजलाची पातळी नोंदवली जाते. त्यावरून यंदा हाताशी किती पाणी आहे हे काढतात. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी सर्वांत आधी बाजूला काढले जाते. वापराचे पाणी वजा केल्यावर जे उरते त्यातले साधारण ७० टक्के शेतीला आणि ३० टक्के पुढच्या वर्षासाठी जमिनीतच ठेवले जाते. यंदा कोणती पिके घ्यायची हे त्या आकड्यांवरून ग्रामसभा ठरवते.

हे वाचताना सोपे वाटते, म्हणून मी घरी येऊन वहीत गणित मांडून पाहिले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर दहा हजार लिटर पाणी. ९७६ हेक्टरांवर ४०० मिलिमीटर पडला तर सुमारे ३९० कोटी लिटर पाणी आकाशातून येते. जल जीवन मिशनच्या निकषाने दरडोई दररोज ५५ लिटर धरले, तर तेराशे माणसांना वर्षाला लागतात सुमारे २ कोटी ६० लाख लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्क्याहूनही कमी. आता ऊस घ्या. त्याला एका हंगामात अंदाजे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टराला दोन कोटी लिटर होतात. याचा अर्थ असा, की सव्वातीन एकर उसाला जेवढे पाणी लागते तेवढ्यात अख्खे गाव वर्षभर पिते, स्वयंपाक करते, अंघोळ करते आणि कपडे धुते. पडलेला सगळाच पाऊस हाती लागत नाही, बराचसा उडून जातो किंवा वाहून जातो, हे मान्य करूनही प्रमाण तेच राहते. हा आकडा वहीत उतरला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. पिण्याच्या पाण्याची टंचाई म्हणून आपण जिच्याकडे पाहतो, ती बहुतेक गावांत पिकांच्या निवडीची गोष्ट असते, हे मला इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी कळले नव्हते.

हिवरे बाजारने ऊस आणि केळी घेणार नाही असे ठरवले, सिंचनासाठी बोअर घेणार नाही असे ठरवले आणि गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकणार नाही असेही ठरवले. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात घातला गेला, त्याच जिल्ह्यात उसाला नाही म्हणणे किती अवघड असेल याची कल्पना तिकडच्या वाचकांना असेलच. चांगले पाऊसमान झाल्यावर, शेजारच्या गावात उसाची बिले निघत असताना, आपल्याच विहिरीला पाणी दिसत असूनही शेतकऱ्याने कांदा आणि ज्वारीवर थांबायचे, आणि हे एक वर्ष नव्हे तर वर्षानुवर्षे! नुसता हुकूम काढल्याने कोणी असे वागत नाही. तेथे आधी स्वतःच्या शेतात ते पाळलेला आणि रोज गावातच राहणारा सरपंच लागतो.

जाणकारांना मला विचारायचे आहे ते असे: यातले किती त्या माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचे होते आणि किती पद्धतीचे? माझ्यासारख्या साध्या सदस्याने यातले नेमके काय उचलावे? आपण कोणी सरकारी सेवेत किंवा पंचायतीत काम केले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त ग्रामसेवक:

माळरान, आपण विचारले म्हणून लिहितो. मी वेगवेगळ्या गावांत मिळून ३१ वर्षे ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. ज्या गावांविषयी लिहीत आहे त्यांची नावे घेत नाही.

पाण्याचे गणित आपण चांगले मांडले आहे; त्याला मी पैशाचे गणित जोडतो. हिवरे बाजारच्या पाणलोटाच्या कामांवर रोजगार हमी योजनेतून सुमारे ४२ लाख रुपये खर्च झाले, हेक्टरी साधारण ४,००० रुपये. त्या काळीही ही रक्कम मोठी नव्हती. रोजगार हमीचे चर माझ्या हाताखालच्या गावांतही खणले गेले, त्यांची मोजमाप पुस्तके मी स्वतः हाताळली आहेत. एका गावात उन्हाळ्यात दीड-दोनशे माणसे टिकाव-फावडे घेऊन राबली, उतारावर चरांच्या रांगा अशा सुरेख उठल्या की पाहत राहावे, आणि तिसऱ्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या टेकडीवर गेलो तेव्हा निम्मे चर मातीने बुजले होते. कारण उघड होते. वरचे गवत शेळ्या-मेंढ्यांनी मुळासकट खाल्लेले, झुडपे सरपणाला गेलेली, त्यामुळे पहिल्याच जोरदार पावसात सगळी माती सुटून चरात आली. शासनाने खणण्याचे पैसे दिले होते, राखण्याचे दिले नव्हते, आणि राखणे कधी पैशाने होतही नाही.

म्हणून मला पंचसूत्रीतली कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही दोन सूत्रे चरांच्या आधीची वाटतात. हिवरे बाजारमध्ये राखलेल्या रानात जनावर सोडायचे नाही, विळ्याने गवत कापून न्यायचे, असा नियम झाला. त्याचा परिणाम आकड्यांत पाहा: २००० साली गावाला सुमारे १०० टन गवत मिळाले होते, २००४ साली ते ६,००० टनांवर गेले. गवत वाढले म्हणून जनावरे गोठ्यात बांधून पाळता आली, म्हणून दूध वाढले. नव्वदच्या दशकाच्या मध्याला दिवसाला १५० लिटर होते ते पुढे ४,००० लिटरांपर्यंत पोचले. ज्याच्या विहिरीला पाणी उशिरा आले त्यालाही दुधाचा पगार आधी सुरू झाला, आणि म्हणून तो पुढच्या नियमांना हात वर करायला तयार झाला, असे माझे मत आहे.

ग्रामसभेविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या तहकूब सभेला ती अट राहत नाही. या तरतुदीचा आधार घेऊन माझ्या नोकरीतल्या कित्येक सभा १५-२० माणसांत झाल्या, कित्येकदा शिपाई नोंदवही घेऊन घरोघर सह्यांना गेला, आणि ते थांबवण्याची ताकद माझ्यात असूनही मी दरवेळी ते थांबवले नाही. आपला प्रश्न व्यक्तीचा की पद्धतीचा, असा आहे. पद्धत कायद्याने सगळ्याच गावांना सारखी दिली होती. ती रिकामी राहू न देणारे माणूस थोड्या गावांना मिळाले, हेच माझे उत्तर.

सीनाकाठ:

मी राखीव जागेवरून दोन वेळा निवडून आलेली सदस्य आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी या धाग्यात आतापर्यंत बाईचे काम कुठेच आले नाही, म्हणून लिहिते.

पंचसूत्रीतले पहिले सूत्र नसबंदी. कुटुंब लहान असावे याविषयी माझे दुमत नाही. परंतु आपल्या देशात शस्त्रक्रिया बहुतांशी बायकांच्याच होतात, पुरुषांची ती सोपी असूनही. त्यामुळे गावाने एखादे सूत्र स्वीकारले असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा भार कोणाच्या शरीरावर पडला, हेही विचारले पाहिजे. लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्याचा त्या गावाचा निर्णयही गाजला. बाहेर मजुरीला किंवा गाडीवर जाणाऱ्या नवऱ्याकडून आजार घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्या निर्णयामागची कळकळ मला समजते. तरीही तपासणीचा निकाल गावात कोणाकोणाला कळतो आणि त्यानंतर त्या मुलीचे काय होते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मोठ्या कामाविषयी आदर ठेवूनच हे प्रश्न विचारायचे असतात.

लोटाबंदीविषयी मात्र मी उभी राहून बोलेन. अंधार पडायची वाट पाहत दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना घरोघरी संडास असण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पाण्याचा हंडा लांबून आणणेही तसेच. विहिरीला बारमाही पाणी आले की सर्वांत आधी बाईचे दोन-तीन तास मोकळे होतात, आणि ते कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाहीत.

आणखी एक. सरपंचपद महिलेसाठी राखीव असतानाच्या काळात पोपटराव उपसरपंच म्हणून काम करत होते. हे दोन तऱ्हांनी पाहता येते. पद गेले तरी काम सोडले नाही, खालच्या पदावर बसून करत राहिले, हे नि:संशय मोठेपण आहे. आमच्याकडे पद गेले की माणूस पंचायतीच्या दारातही दिसत नाही. पण ज्या गावाचे नाव उपसरपंचाच्या नावाने देशभर ओळखले जाते, तेथे सरपंच झालेल्या बाईला स्वतःचा आवाज सापडायला किती कष्ट पडले असतील, हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकते. माझ्या पहिल्या कारकिर्दीत माझ्या खुर्चीशेजारी एक खुर्ची कायम माझ्या यजमानांसाठी मांडलेली असे. ती उचलायला मला चार वर्षे लागली.

खडकाळ:

चराईबंदीविषयी थोडे. आमचे घर शेळ्यांवर जगलेले. भूमिहीन माणसाची जमीन म्हणजे गायरान आणि डोंगर. तेथे जनावर सोडायचे नाही असा ठराव होतो तेव्हा ज्याच्याकडे दहा एकर आहेत त्याचे काहीच जात नाही, त्याच्या विहिरीला उलट पाणी वाढते. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत त्याचे मात्र सगळेच जाते. आमच्या गावात असाच ठराव झाला होता. तो मांडणाऱ्यांपैकी एकानेही आमच्या वस्तीवर येऊन तुमचे कसे चालेल असे विचारले नाही, म्हणून आम्ही तो पाळला नाही आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

म्हणून हिवरे बाजारचा अभ्यास करायचा असेल तर तेथल्या भूमिहीनांना काय मिळाले हे आधी पाहावे, असा माझा आग्रह आहे. कापून नेण्यासाठी गवत सर्वांना खुले राहिले, गावातच मजुरी निर्माण झाली आणि बाहेर गेलेली कुटुंबे परत आली, हे खरे आहे. दारिद्र्यरेषेचे आकडेही बोलके आहेत: १९९५ साली १८०पैकी १६८ कुटुंबे रेषेखाली होती, १९९८च्या पाहणीत ती ५३ राहिली आणि पुढे तीनवर आली. हे आकडे सरकारच्या निकषावर थांबले नाहीत, हे मला विशेष वाटते. गावाने स्वतःचा निकष ठरवला: ज्या घराला दोन वेळचे जेवण, मुलांचे शिक्षण आणि दवाखान्याचा खर्च झेपत नाही ते घर गरीब. हा निकष वाचून मला पहिल्यांदा त्या सरपंचाविषयी आपलेपणा वाटला, कारण गरिबी अशीच असते, ती उत्पन्नाच्या दाखल्यात मावत नाही. गावात एकच मुस्लिम कुटुंब असताना त्यांच्यासाठी मशीद बांधून दिली गेली, हेही त्याच वृत्तीतून आले असावे.

माळरान:

सर्वांचे मनापासून आभार. सीनाकाठ ताई, आपला प्रतिसाद मी माझ्या आईला वाचून दाखवला. तिने हंड्याच्या वाक्याशी मला थांबवले आणि १९७२ साली ती किती लांबून पाणी आणत होती ते सांगितले, जे तिने मला आजवर कधीच सांगितले नव्हते. आपले म्हणणे मला पूर्ण पटले.

खडकाळ, आपण लिहिलेले मी आमच्या पुढच्या मासिक सभेत, आपले नाव न घेता, मांडणार आहे. आमच्याकडेही चराईबंदीचा विषय निघाला आहे आणि धनगरवस्तीशी अजून कोणी बोललेले नाही, मीसुद्धा नाही.

ओंजळ:

उत्तराधिकाराच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. जानेवारी २०२१च्या ग्रामपंचायत निवडणुकीत हिवरे बाजारमध्ये सुमारे तीस वर्षांनी प्रथमच प्रत्यक्ष मतदान झाले. तोवर गाव बिनविरोध होत आले होते. पोपटरावांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. त्या वेळी अनेकांना वाईट वाटले, आदर्श गावात निवडणूक व्हावी लागली याचे. मला मुळीच वाईट वाटले नाही. तीस वर्षांच्या कामाला मतपेटीतून कौल मिळणे हे बिनविरोध निवडीपेक्षा अधिक मोलाचे आहे, आणि विरोधात उभे राहण्याचे धैर्य गावातल्या माणसांना होते, हेही गावाच्या निरोगीपणाचेच लक्षण आहे.

याच निवडणुकीत छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात वेगळे घडले. भास्करराव पेरे पाटलांनी त्या गावात केलेले काम महाराष्ट्राला ठाऊक आहे: कर भरणाऱ्यांना धान्य मोफत दळून देणारी गिरणी, अंघोळीसाठी गरम पाणी आणि काटेकोर करवसुलीतून उभे राहिलेले सगळे. त्या वर्षी ते स्वतः उभे राहिले नाहीत आणि त्यांच्या कन्येचा पराभव झाला. वर्तमानपत्रांनी तो पेरे पाटलांचा पराभव म्हणून छापला. माझे मत निराळे आहे. सरपंचपद वारशाने जात नाही हे गावाने सांगितले, एवढेच मी त्यातून घेतो. गिरणी आणि नळ नव्या मंडळींनाही चालवावेच लागतात, कारण लोकांना त्यांची सवय झालेली आहे. एखादी सोय बंद पडली तर लोक पंचायतीत येऊन भांडतील इतकी ती अंगवळणी पडणे, याहून अधिक एखाद्या माणसाने मागे काय ठेवावे?

पोपटरावांकडे २०२०मध्ये पद्मश्री आली, राज्याच्या आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्षपद त्याच्या पुष्कळ आधी आले. त्या पदामुळे ते राज्यभर फिरतात. हिवरे बाजारसारखी गावे आणखी का झाली नाहीत असा प्रश्न त्यांना वारंवार विचारला जातो. तो प्रश्न खरे तर ज्या गावांना योजना मिळूनही काम टिकले नाही त्यांना विचारायला हवा, आणि निवृत्त ग्रामसेवकांनी त्याचे उत्तर वर दिलेच आहे.

निवृत्त ग्रामसेवक:

ओंजळ, सहमत आहे. थोडी भर घालतो. २०२१च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत हिवरे बाजारने स्वयंसेवकांची पथके करून घरोघर तपासणी केली, बाधितांना वेळीच वेगळे ठेवले आणि मे महिन्यात गाव करोनामुक्त झाल्याचे जाहीर झाले. पंतप्रधानांनीही त्या वेळी पोपटरावांशी संवाद साधला. मला त्यातले वैद्यकीय काही सांगता येणार नाही. परंतु टिकाव-फावडे घेऊन एकत्र जायची ज्या गावाला पंचवीस वर्षांची सवय होती, त्या गावात पथके उभी करायला दोन दिवस लागले नसतील. श्रमदानाने चर तर होतातच. कोणाच्या घरात कोण आजारी आहे, कोण कोणाचे ऐकते, कोणाला कोणी समजवायचे, हेही श्रमदानाच्या जागी बसून न्याहारी करताना कळते. माझ्या नोकरीतल्या चांगल्या गावांत मी हे पाहिले आहे. न्याहारीची भाकरी गावाने एकत्र खाल्ली की पुढचे ठराव सोपे जातात.

माळरान, आपण विचारले होते की साध्या सदस्याने काय उचलावे. माझा सल्ला असा, की ठराव, पंचसूत्री, आदर्श गाव हे शब्द वर्षभर काढूच नका. आधी मोजायला लागा. पावसाची सरकारी नोंद महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची असते आणि एका मंडळात कितीतरी गावे येतात. आपल्या शिवारात किती पडला हे आपल्याला प्रत्यक्षात कोणीच सांगत नाही. तेवढे एक तरी आपले आपण ठेवा.

माळरान:

दोन महिन्यांनी धागा वर काढतो आहे, क्षमस्व.

आपण सांगितल्याप्रमाणे केले. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, झाड आणि भिंत यांपासून लांब, एक साधा पर्जन्यमापक रोवला आहे. रोज सकाळी साडेआठला सातवीतली दोन मुले नरसाळे काढून आतले पाणी मापात ओततात, डोळा मापाच्या रेषेला समांतर आणून आकडा वाचतात आणि पंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहितात. गुरुजींनी त्यांना सांगून ठेवले आहे की पाऊस पडला नाही त्या दिवशी जागा कोरी सोडायची नाही, शून्य लिहायचे. ज्येष्ठातल्या पहिल्या मोठ्या पावसाचा आकडा ३४ आला. त्याच दिवशी आमच्या मंडळाचा सरकारी आकडा १९ होता. संध्याकाळी फळ्यापुढे बरीच माणसे जमली होती आणि आयुष्यात कधी पंचायतीत न आलेले एक आजोबा त्या पोरांना, ३४ म्हणजे नांगराच्या तासात किती बोटे ओल, हे विचारत होते.

गावातल्या सहा विहिरी ठरवल्या आहेत. दोन वरच्या अंगाच्या, दोन मधल्या आणि दोन ओढ्याकाठच्या. दर पंधरा दिवसांनी दोरीला वजन बांधून, काठापासून पाण्यापर्यंतची खोली फुटांत मोजतो. पहिल्या मोजणीत एका विहीरमालकाने मोजू दिले नाही. आपले पाणी कोणी नेईल किंवा वीज तोडली जाईल, अशी त्यांना भीती वाटली असावी. त्यांच्या जागी शेजारची विहीर घेतली आहे. खडकाळ यांच्या म्हणण्याप्रमाणे धनगरवस्तीवर दोनदा जाऊन आलो. चराईबंदीचा विषय काढला नाही, तेथे पिण्याच्या पाण्याची टाकी गेले वर्षभर गळते आहे एवढेच समजून घेतले आणि ती दुरुस्तीला धरली आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आकडे वाचून दाखवायचे आहेत. फळ्यावर फक्त पाऊस लिहावा की विहिरींची पातळीही मालकांच्या नावानिशी लिहावी, यावर आमच्यात दोन मते आहेत. नावे लिहिली तर लोक पाहायला येतील, पण ज्यांनी विश्वासाने मोजू दिले ते दुखावतील अशी मला काळजी वाटते. निवृत्त ग्रामसेवक आणि सीनाकाठ ताई, आपण यावर काय कराल ते सभेच्या आधी कळवावे.

सीनाकाठ:

पहिल्या वर्षी नावे नकोत. विहिरींना क्रमांक द्या आणि कोणाची कोणती, हे ज्याचे त्याला ठाऊक असू द्या. सभा सकाळी अकराला ठेवली असेल तर दुपारी चारला घ्या; अकराला बायका शेतात असतात किंवा चुलीपुढे, आणि पाण्याचे आकडे त्यांच्यासमोर वाचले गेले पाहिजेत.